सार्वजनिक वाचनालयातील कायदा विभागासाठी वाचकांचे नियम कसे असावेत? मार्गदर्शन हवे आहे

सर्वांना नमस्कार.

परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या अनुदानप्राप्त सार्वजनिक वाचनालयाचा मी कार्यवाह आहे. येथे दीर्घकाळ दिवाणी वकिली केलेल्या एका ज्येष्ठ विधिज्ञांच्या पश्चात त्यांच्या कुटुंबीयांनी त्यांचा सगळा ग्रंथसंग्रह वाचनालयाला दिला आहे. हा संग्रह कुलपात न ठेवता, कोणत्याही नागरिकाला बसून वाचता येईल असा स्वतंत्र कायदा विभाग सुरू करावा, असा ठराव कार्यकारी मंडळाने केला असून, वाचकांसाठीचे नियम लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. कथा-कादंबऱ्यांच्या देवघेवीचे आमचे नेहमीचे नियम येथे पुरे पडणार नाहीत, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट झाले, म्हणून हा धागा काढत आहे.

वकील संघाचे ग्रंथालय संघाच्या सभासदांसाठी असते आणि विधी महाविद्यालयाचे ग्रंथालय विद्यार्थी व अध्यापकांसाठी असते. ज्याचा फेरफार अडला आहे, किंवा जिचे नाव वारसनोंदीतून राहून गेले आहे, अशा व्यक्तीला नोटिशीत उल्लेखलेले कलम स्वतः वाचायचे असेल, तर आमच्या गावी त्यासाठी बसायला जागा नाही. ‘कलम वाचून सामान्य माणसाला काय उमगणार,’ असा प्रश्न मंडळातील एका सदस्यांनी विचारला होता. मला तो विचार पटत नाही. ज्या कायद्याच्या आधारे एखाद्याच्या जमिनीचा निर्णय होणार आहे, तो कायदा वाचण्याचा त्याचा हक्क तो त्याला किती समजेल यावर अवलंबून असू शकत नाही.

मात्र अडचणी खऱ्या आहेत. पहिली अडचण मदतीच्या मर्यादेची आहे. आमच्या ग्रंथपाल ताईंनी ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे, कायद्याचा नव्हे. वाचक सातबारा आणि नोटीस टेबलावर ठेवून ‘यात माझे काय होईल, एवढे सांगा’ असेच विचारणार, हे आम्हांला ठाऊक आहे. अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार वकिली करण्याचा अधिकार नोंदणीकृत अधिवक्त्यांनाच आहे. तेव्हा ताईंनी कोठपर्यंत मदत करावी आणि कोठे थांबावे, हे नियमात कोणत्या शब्दांत लिहावे? ‘कायदेशीर सल्ला दिला जात नाही’ एवढीच पाटी लावली, तर तिच्याआड कोणत्याही प्रश्नाला नकार देता येईल, आणि मग विभाग उघडून उपयोग काय?

दुसरी अडचण खास मराठवाड्याची आहे. कूळकायद्यावरील बाजारात मिळणारी बहुतेक मराठी पुस्तके १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट कायद्यावर आहेत. त्यांत कलम ३२-ग आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन (कुळे जमिनीची मालक मानली गेली तो दिवस) असतो. आपल्याकडे मात्र हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू आहे. संरक्षित कुळाला मालकी मिळण्याची तरतूद येथे कलम ३८-ई मध्ये आहे आणि हस्तांतरणावरील निर्बंधासाठी ५०-ब पाहावे लागते. कपाटात दोन्ही कायद्यांची पुस्तके शेजारी-शेजारी आहेत. वाचकाने नकळत पुणे-नाशिककडचा कायदा वाचून आपल्या जमिनीबद्दल समजूत करून घेतली, तर दोष कोणाचा? इनाम जमिनींचेही तसेच आहे. मदतमाश (निर्वाहासाठी दिलेल्या) इनामाचा प्रश्न घेऊन येणाऱ्या वाचकाला १९५४ चा हैदराबाद इनाम निर्मूलन कायदा हाती द्यावा लागतो आणि त्याच्याजवळचा मुंतखब (निजामकाळातील इनामाचा दस्तऐवज) बहुधा उर्दूत असतो.

तिसरा मुद्दा गोपनीयतेचा आहे. तालुक्याच्या गावात वाटणीच्या दाव्यातील दोन्ही भाऊ एकाच वाचनालयात येऊ शकतात. आमच्या सध्याच्या नोंदवहीत वाचकाचे नाव आणि त्याने मागितलेले पुस्तक एकाच ओळीत लिहिले जाते, आणि ती वही टेबलावर उघडी असते. कायदा विभागात ही पद्धत चालू ठेवणे मला धोक्याचे वाटते.

याशिवाय पुस्तके घरी द्यावीत की नाहीत, छायाप्रतींना परवानगी कितपत द्यावी आणि जुन्या आवृत्त्यांचे काय करावे, हे प्रश्न आहेतच. अशा विभागात काम केलेल्या किंवा तो वापरलेल्या सर्वांनी अनुभवाने सांगावे, ही विनंती.

प्रतिसाद – निवृत्त ग्रंथपाल, नांदेड

आपला पहिला प्रश्न जगभरच्या विधी ग्रंथालयांपुढे आहे. कॅलिफोर्नियात १८९१ पासून कायद्याने स्थापन झालेली काउंटी विधी ग्रंथालये सामान्य नागरिकांसाठी खुली आहेत आणि तेथेही कर्मचारी ग्रंथ शोधून देतात, सल्ला देत नाहीत. सीमारेषा मी अशी आखीन: कायदा शोधून देणे, अनुक्रमणिका कशी पाहावी हे दाखवणे, कलमाचे पान उघडून देणे, निवाड्याचा संदर्भ कसा वाचायचा हे शिकवणे आणि संकेतस्थळावर शोध घेऊन देणे ही सगळी ग्रंथालय सेवा आहे. ते कलम त्या वाचकाच्या प्रकरणाला लागू होते की नाही, मुदत संपली की नाही, अर्जात काय लिहावे, हे सांगणे म्हणजे सल्ला. अर्जाचा छापील नमुना द्यावा, पण तो भरून देऊ नये.

ज्यांना वाचता येत नाही किंवा दिसत नाही, त्यांना कलम मोठ्याने वाचून दाखवण्याची मुभा नियमात अवश्य लिहावी. मजकूर आहे तसा वाचावा, स्वतःचे शब्द घालू नयेत. बहुतेक भाष्यग्रंथ इंग्रजीत असल्यामुळे ग्रंथपालांकडून तोंडी भाषांतराची मागणी होईल. त्याऐवजी विधी व न्याय विभागाच्या संकेतस्थळावरील राज्याच्या अधिनियमांचे मराठी पाठ छापून, बांधून ठेवावेत. माझ्या मते हे काम विभागाच्या उद्‌घाटनाआधी व्हायला हवे.

आणि जेथे ग्रंथपालांनी थांबायचे, तेथून वाचकाने कोठे जायचे हे त्याच पाटीवर लिहा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत राहून ती मागता येते. आपल्या तालुका न्यायालयातच विधी सेवा समिती असेल. १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांकही मोठ्या अक्षरांत लिहावा.

नोंदवहीबाबत आपली काळजी रास्त आहे. हजेरीपटावर नाव व सही एवढेच घ्या; ग्रंथांचा वापर मोजायचा असेल तर टेबलावर राहिलेल्या ग्रंथांचे दाखल क्रमांक दिवसाअखेर वेगळ्या वहीत, वाचकाच्या नावाशिवाय, उतरवा. कोणी काय वाचले हे तिसऱ्या व्यक्तीला तोंडीसुद्धा सांगितले जाणार नाही, असे स्पष्ट वाक्य नियमात असू द्या.

वेळांविषयी एकच सांगतो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) च्या पंधराव्या बाबीत, सार्वजनिक वापरासाठी ग्रंथालय किंवा वाचनकक्ष असल्यास त्याच्या वेळा प्रसिद्ध करण्याचे बंधन सार्वजनिक प्राधिकरणांवर घातले आहे. आपण बंधनाची वाट न पाहता वेळा दारावर लावाव्यात आणि आठवड्यातून निदान एक दिवस संध्याकाळी उशिरापर्यंत विभाग उघडा ठेवावा. शेतात किंवा दुकानात काम करणारा माणूस दुपारी येऊ शकत नाही.

प्रतिसाद – अधिवक्ता, छत्रपती संभाजीनगर

जुन्या आवृत्त्यांचा विषय आपण शेवटी एका ओळीत मांडला आहे, पण माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा धोका तेथेच आहे. मुलीच्या हिश्शाचेच पाहा. हिंदू वारसा कायद्याच्या १९९४ च्या महाराष्ट्र दुरुस्तीत, ती लागू होण्यापूर्वी विवाह झालेल्या मुलींना सहदायिकीचा (वडिलोपार्जित संपत्तीत जन्मतः हिश्शाचा) हक्क नव्हता. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्रीय दुरुस्तीने सर्व मुलींना तो दिला. २०१५ मध्ये ‘प्रकाश विरुद्ध फुलवती’ या निवाड्यात त्या दिवशी वडील हयात असले पाहिजेत, असे ठरले. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी ‘विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा’ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ती अट मोडीत काढली. आता आपल्या कपाटातील २०१६ चा खंड उघडणाऱ्या भगिनीला फुलवतीचा निवाडा सापडेल आणि वडील २००५ पूर्वीच वारले असतील, तर आपला हक्क नाही असे समजून ती घरी जाईल. पुस्तक खोटे नाही, पण ते तिला पूर्ण कायदा सांगत नाही.

म्हणून प्रत्येक भाष्यग्रंथाच्या पहिल्या पानावर ‘या पुस्तकातील कायदा अमुक वर्षापर्यंतचा आहे, पुढील बदल संगणकावर तपासावेत’ अशी चिठ्ठी चिकटवावी. जुने ग्रंथ रद्दीत मात्र काढू नयेत. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली असली, तरी त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना १८६० ची भारतीय दंड संहिताच लागू राहते. कूळकायद्यासाठी दोन रंगांच्या पट्ट्या करा आणि हैदराबाद कायद्याच्या पुस्तकांवर ‘मराठवाड्यासाठी’ असे ठळक लिहा. मुंबई कायद्याची पुस्तके शक्य असल्यास वेगळ्या कप्प्यात हलवा.

एक संगणक आणि इंटरनेट जोडणी ही आता चैन नाही. ‘इंडिया कोड’वर केंद्रीय कायदे विनामूल्य वाचता येतात. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निवाडे ‘ई-एससीआर’वर जानेवारी २०२३ पासून विनामूल्य उपलब्ध आहेत. औरंगाबाद खंडपीठाच्या अलीकडच्या निवाड्यांच्या क्रमांकात ‘बीएचसी-एयूजी’ अशी अक्षरे असतात. तेवढी ओळख वाचकाला करून दिली, तरी नागपूर की मुंबई या गोंधळातून तो सुटतो.

छायाप्रतींबाबत: प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार न्यायालयाने मनाई केली नसेल, तर निवाड्याचा मूळ मजकूर पुनर्मुद्रित करणे हे उल्लंघन नाही, आणि वैयक्तिक वापर किंवा संशोधनासाठी योग्य मर्यादेत केलेली प्रतही चालते. निवाड्याच्या सुरुवातीच्या शीर्षटिपा आणि भाष्यकाराचे विवेचन मात्र प्रकाशक-लेखकांचे असते. त्यामुळे ‘निवाडा व कलम यांची प्रत मिळेल, संपूर्ण भाष्यग्रंथाची मिळणार नाही’ असा सरळ नियम ठेवा. खंड घरी देऊ नका. मालिकेतील एक खंड हरवला की पुढील प्रत्येक वाचकाचा संदर्भ तुटतो. झेरॉक्सचे दरही पाटीवर लिहा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. नोंदवहीची पद्धत आजच बदलली आहे, आणि मदतीच्या मर्यादेचा परिच्छेद निवृत्त ग्रंथपाल महोदयांच्या शब्दांतच मंडळापुढे ठेवणार आहे, कारण त्यात नकाराआधी ग्रंथपाल काय काय करतील हे लिहिलेले आहे. बांधीव खंड घरी न देण्याचा नियम मान्य आहे. ज्यांच्या दोन प्रती आहेत अशी कायद्यांची छोटी मराठी पुस्तके अनामत घेऊन सात दिवसांसाठी द्यावीत, असा माझा आग्रह राहील. ताईंना कलम मोठ्याने वाचण्याचा सराव व्हावा म्हणून पहिल्या महिन्यात मी स्वतः सायंकाळी विभागात बसणार आहे.

एक प्रश्न अजून बाकी आहे. संग्रहातील निजामकाळातील उर्दू जरीद्यांवर (राजपत्रांवर) फसली सन (त्या काळचे महसुली वर्ष) आहे. त्यात ५९० मिळवून ढोबळ इसवी सन काढता येतो, परंतु अंकनिहाय सूची करण्यासाठी उर्दू व मराठी या दोन्ही भाषा जाणणारी व्यक्ती लागेल. वाचकांचे मुंतखब वाचून देण्याचे काम आम्ही अंगावर घेणार नाही, कारण त्या वाचनावर कोणी न्यायालयात विसंबू शकेल. सूची मात्र व्हायलाच हवी. मराठवाड्यातील एखाद्या ग्रंथालयाने अशी सूची केली असल्यास तिचे रकाने कसे आखले होते आणि कायद्याचे उर्दू नाव, फसली सन व नंतरचा भारतीय कायदा यांची सांगड कशी घातली होती, हे कृपया येथे कळवावे.