टिनमधले मासे: रूमवर स्वस्तात आणि पौष्टिक काय करता येईल?

जुळेकर_27
नमस्कार मंडळी. मी मूळचा बार्शीकडचा, सध्या जुळे सोलापूरला रूम करून राहतो आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. रूमवर आम्ही तिघं, एक शेगडी, एक कढई, एक कुकर, फ्रिज नाही. मेस सोडली कारण रोज तीच पातळ आमटी आणि बटाटा. भाकरी शेजारच्या मावशींकडून मिळतात, ताज्या पण आणि कडक पण, त्यामुळं प्रश्न फक्त कालवणाचा आहे. सुपरमार्केटात ट्युनाचे टिन दिसले म्हणून एक आणला, 185 ग्रॅमचा, साधारण दोनशेला पडला. पाणी काढून तसाच भाताबरोबर खाल्ला तर कापूस चावल्यासारखा कोरडा लागला. आता विचारायचं म्हणजे हा आपल्या मसाल्यात कसा करायचा, तिघांना एक टिन पुरवता येतो का, आणि यात प्रिझर्व्हेटिव्ह वगैरे असतात का, नेहमी खाल्ला तर चालतो का? अनुभव असेल त्यांनी सांगा की ओ.

मालवणची_लेक
भाऊ, माझं माहेर मालवणचं, लग्न झाल्यापासून होटगी रोडला आहे, त्यामुळं टिनच्या माशाशी माझी चांगली ओळख आहे, इथं मनासारखा समुद्राचा मासा रोज कुठून मिळणार आणि जून-जुलैत तर तिकडं मासेमारीच बंद असते.

पहिलं सांगते, ट्युना म्हणजे आमचा कुपा, त्याचं मांस मुळातच कोरडं असतं, त्यात पाण्यातला टिन घेतला की अजूनच. तुम्ही तारली किंवा बांगड्याचा टिन बघा, लेबलवर सार्डिन किंवा मॅकरेल लिहिलेलं असतं, सगळ्या दुकानात नसतो पण ऑनलाइन मिळतो. तारलीचे काटे टिनमध्ये इतके मऊ होतात की बोटांनी दाबले तरी चुरा होतो, ते काढून टाकू नका, कॅल्शियम त्यातच आहे.

आता सुकं कसं करायचं बघा. दोन मोठे कांदे बारीक चिरा, टिनमधलं तेल कढईत ओता (तेलातला टिन असेल तर, मिठाच्या पाण्यातला असेल तर ते पाणी टाकून द्यायचं आणि घरचं तेल वापरायचं), त्यात ठेचलेला लसूण लाल होऊ द्या, मग कांदा, कांदा चांगला तांबूस झाल्याशिवाय पुढं जायचं नाही. मग कांदा-लसूण मसाला चमचाभर, हळद, दोन आमसुलं, अर्धी वाटी पाणी, आणि दोन-तीन चमचे शेंगाचं कूट. आमच्या माहेरी ओलं खोबरं घालतात पण इथं आल्यावर मी कूटच घालायला लागले आणि खरंच सांगते, तारलीला कूट जास्त चांगलं लागतं, रस्सा अंगाबरोबर होतो. मासा सगळ्यात शेवटी. वरनं अलगद ठेवायचा, झाकण ठेवून दोन मिनिटं, उलथनं घालून ढवळायचं नाही नाहीतर सगळा भुगा होतो. मासा आधीच शिजलेला असतो, त्याला फक्त मसाला लागायला पाहिजे. मीठ चव बघूनच घाला, टिनमध्ये आधीचं असतंच.

आणि ट्युना आणलाच तर त्याचा झुणका करा. कांद्याची पात भरपूर, मोहरी-जिरं-हिरवी मिरचीची फोडणी, पात वाफवली की ट्युना मोकळा करून टाकायचा, वरनं बेसन भुरभुरायचं, थोडा पाण्याचा हबका आणि झाकण. कोरडेपणा जाणवत नाही आणि तिघांना गरम भाकरीबरोबर आरामात पुरतो.

हिशोबी_माणूस
ताईंची रेसिपी झकास पण स्वस्त म्हणून घेत असाल तर एकदा हिशोब बघा. 185 ग्रॅमच्या टिनमध्ये मासा 185 ग्रॅम नसतो, पाणी किंवा तेल काढल्यावर बऱ्याचदा 120-130 ग्रॅमच उरतो, टिनवर निथळलेलं वजन वेगळं छापलेलं असतं ते वाचा. तेवढ्या ट्युनात प्रोटीन साधारण 30 ग्रॅम. एका अंड्यात 6 ग्रॅम, म्हणजे पाच अंडी झाली, आणि पाच अंडी तुम्हाला पन्नास रुपयांच्या आत येतात. शेंगदाण्यात 100 ग्रॅमला 25 ग्रॅम, सोयाबीन वडीत तर 50 च्या आसपास. म्हणजे नुसत्या प्रोटीनसाठी दोनशे रुपये घालायला मी तरी सांगणार नाही.

मग मासा कशासाठी? तर ओमेगा-3 (माशातली शरीराला चांगली चरबी) साठी, व्हिटॅमिन डी साठी आणि बी12 साठी. भाकरी, आमटी, शेंगाचटणी यातून बी12 मिळत नाही. आणि ओमेगा-3 आणि बी12 मध्ये तारली ट्युनाच्या बरीच पुढं आहे. कॅल्शियमचं तर विचारूच नका, काट्यासकट 100 ग्रॅम तारलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर, तेवढ्याच दुधात 120 च्या आसपास. माझं मत असं की आठवड्यात एक-दोन टिन माशाचे आणि बाकीचे दिवस अंडी, मटकी, सोयाबीन. पैसे पण वाचतील आणि शरीराला सगळं मिळेल.

जुळेकर_27
हे निथळलेलं वजन मी बघितलंच नव्हतं, आत्ता रिकामा टिन बघितला तर खरंच बारीक अक्षरात आहे. ताई, झुणका या रविवारी करतो. फ्रिज नसल्यावर अर्धा टिन ठेवला तर किती वेळ टिकेल?

फूडटेक_सोलापूर
अजिबात ठेवू नका. फूड टेक्नॉलॉजी शिकलोय म्हणून जरा खोलात सांगतो. टिनमध्ये मासा भरून आधी सील करतात आणि मग वाफेच्या दाबाखाली साधारण 115 ते 121 डिग्रीला तापवतात, त्यात जंतू आणि त्यांचे बीजाणू मरतात. टिकतो तो त्यामुळंच, वेगळं प्रिझर्व्हेटिव्ह घालायची गरज नसते. अन्न हवाबंद करून मग तापवायची ही मूळ पद्धत निकोला अपेर या फ्रेंच माणसानं 1810 मध्ये पुस्तकात मांडली, तेव्हा तर अन्न जंतूंमुळं नासतं हे पाश्चरनं दाखवलेलं पण नव्हतं.

पण सील तोडलं की तो साधा शिजवलेला मासा झाला. 32 डिग्रीच्या वर हवा असेल तर तासाभराच्या वर बाहेर ठेवू नये असं धरतात, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये 42-43 असतं. त्यामुळं उघडला की तिघांनी एका बसणीत संपवायचा. सकाळी कालवण करून दुपारच्या डब्यात नेणं पण नको. त्यापेक्षा बंद टिनच कामावर न्या! मासा शिजलेलाच आहे, जेवणाच्या सुट्टीत उघडा, कांदा-लिंबू पिळा, कडक भाकरीचे तुकडे मोडून त्यातच कालवा, वर शेंगाचटणी. शेजारी माळकरी किंवा शाकाहारी कुणी असेल तर जरा बाजूला बसा, वास उठतो.

फुगलेला टिन, गळणारा, शिवणीवर चेपलेला, उघडताना फसकन फवारा उडाला तर चव बघायला पण जाऊ नका, सरळ फेका. बोटुलिझमचं (हवाबंद डब्यात वाढणाऱ्या एका जंतूचं) विष जिवावर बेततं आणि त्याला वास येईलच असं नाही. बीपी असेल त्यांनी मिठाच्या पाण्यातला मासा धुऊन घ्यावा, युरिक अॅसिड वाढलेल्यांनी तारली-बांगडा टाळावा. ट्युना मोठा मासा, त्यात पारा जास्त साठतो, म्हणून तो रोज नको. लहान माशांत पारा खूप कमी असतो.

भीमाकाठचा_पोरगा
एवढं उजनी धरण जिल्ह्यात असताना टिन कशाला ओ? चिलापी घ्या, रहू घ्या, बाजारात ताजा मिळतो आणि चिलापी तर लई स्वस्त. विकणाराच साफ करून तुकडे करून देतो. घरी आणून मीठ-हळद-लिंबू लावा, लसूण-मिरची वाटून येसूर (भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ) घालून कालवण करा, भाकरी चुरून खा. ओमेगा-3 तारलीइतकं नसेल पण प्रोटीन चांगलंच असतं. आणि फ्रिज नाही म्हणताय तर सुकट ठेवा, कोरड्या बरणीत टिकते, पावसाळ्यात तेवढं ऊन दाखवा. तव्यावर भाजा, मग धुवा म्हणजे वाळू जाते, कांदा-टोमॅटोत परता. मूठभर सुकटीत तिघांचं जेवण होतं.

मालवणची_लेक
सुकटीचं अगदी बरोबर बोललात. त्यात वांगं घाला, बारीक फोडी करून, मग बघा. पण दादा, कामावरनं आठ वाजता दमून आलेल्या माणसाला मासा आणायला कुठं पाठवता, घरात दोन टिन असलेले बरे.

जुळेकर_27
ताई, आमसूल नाही मिळालं तर?

मालवणची_लेक
किराणा दुकानात मागा, मिळतं. नाहीच मिळालं तर चिंचेचा कोळ घाला, पण थोडाच, आणि मासा टाकायच्या आधी उकळून घ्या म्हणजे कच्चा वास राहत नाही.