मेकॅनिकलच्या दुसऱ्या सत्रात ३ क्रेडिट उरलेत, काय ठेवू?

वारणाकाठ:
नमस्कार. मी एका स्वायत्त इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवते. बी.टेक.च्या नव्या अभ्यासक्रमाचा आराखडा माझ्याकडे आलाय. चार वर्षांचे १७० क्रेडिट, त्यातले १६७ वाटून झाले. थर्मो, एसओएम (पदार्थांची ताकद), टीओएम (यंत्रांचा सिद्धांत), फ्लुइड, मशीन डिझाइन, मायनर (दुसऱ्या शाखेचे जोडविषय), इंटर्नशिप सगळं बसलं. दुसऱ्या सत्रात ३ मोकळे आहेत. म्हणजे आठवड्याला तीन तास लेक्चर, नाहीतर एक तास लेक्चर आणि चार तास प्रॅक्टिकल. मुलं ६०, वीस-वीसच्या तीन बॅच. सामानाला दीड लाख, त्यावर एक रुपया नाही. पायथन प्रोग्रॅमिंग पहिल्या सत्रात आहे. विषय सुचवाल तर एवढ्यात बसवून सुचवा. गुरुवारी अभ्यासक्रम ठरवणाऱ्या बोर्ड ऑफ स्टडीजची बैठक आहे.

चाकण_फेज_२:
ईव्ही घ्या. अकरा वर्षं ऑटो पार्ट्समध्ये आहे, हवा कुठं वाहतेय ते रोज बघतो. बॅटरी पॅक, मोटर, कंट्रोलर. फक्त ३ क्रेडिटमध्ये काही होत नाही, निदान १२ द्या. माझ्या ओळखीच्या एका कॉलेजनं चाळीस लाखांची लॅब उभी केली, बघण्यासारखी आहे.

जुनी_बॅच_८४:
क्रेडिट उरतातच कसे, मला तर पुरत नाहीत असंच वाटतं. २०१८ च्या एआयसीटीईच्या (देशाच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या) मॉडेल अभ्यासक्रमानं २२० चे १६० केले आणि पहिली कुऱ्हाड वर्कशॉपवर पडली. आम्ही एक लोखंडी चौकोन तीन आठवडे कानशीनं घासलाय. गुण्या लावून तुकडा खिडकीकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की मिस्त्री काही न बोलता परत वाइसकडे बोट दाखवायचे. तो तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे. फिटिंग परत आणा.

कोडकानस:
पायथन ठेवा. माझा पगार मेकॅनिकलच्या डिग्रीवर नाही, पायथनवर वाढला.

वारणाकाठ:
पायथन पहिल्या सत्रात आहे.

कोडकानस:
मग दुसऱ्यातही ठेवा. आणि एक बघा, न्यूमेरिकल मेथड्स (आकडेमोडीनं समीकरणं सोडवणं) हीट ट्रान्सफरच्या आधी आहे ना? आमच्याकडे नंतर होतं. दोन दिशांनी उष्णता वाहणारी प्लेट आली की जाळी पाडून समीकरणं सोडवावी लागतात आणि ती कशी सोडवायची ते आम्हाला पुढच्या सत्रात कळलं.

वारणाकाठ:
हे महत्त्वाचं निघालं. दोन्ही एकाच सत्रात पडलेत. न्यूमेरिकल एक सत्र आधी घेते. आभार.

स्टुटगार्टहून:
इकडे जर्मनीत बऱ्याच विद्यापीठांत प्रवेशाआधी काही आठवडे कारखान्यात काम करून यावं लागतं. कापणं, घासणं, ड्रिल, लेथ. जुन्या बॅचशी सहमत. पण माझं मत ड्रॉइंग वाचण्याला. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी अमेरिकेहून आलेलं ड्रॉइंग मी आपल्या सवयीनं फर्स्ट अँगल समजून वाचलं. ते थर्ड अँगल होतं, म्हणजे बाजूंची चित्रं उलट्या जागी काढलेली. ही पद्धत सांगणारी कोपऱ्यातली शंकूची खूण बघितलीच नाही. दोनशे ब्रॅकेट डाव्याचे उजवे होऊन आले, सगळे भंगारात. तो दिवस विसरत नाही.
अवांतर: १६० क्रेडिट ऐकून दचकू नका. इकडे सात सत्रांची बॅचलर २१० ची, पण एक क्रेडिट म्हणजे सत्रभरातले २५ ते ३० तास, घरचा अभ्यास धरून. म्हणून नुसत्या आकड्यांची तुलना होत नाही.

जुनी_बॅच_८४:
तास कुणी कसेही मोजोत, कानस हातात किती वेळ होती ते सांगा.

स्टुटगार्टहून:
तास मोजल्याशिवाय वेळापत्रक कसं लावणार? त्यांनी चौकट दिलीय, त्यात बोलू या.

गेट_पुढच्या_वर्षी:
मी तिसऱ्या वर्षाला आहे. मॅडम, गणित वाढवा. गेटला (एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेला) १०० पैकी १३ गुण गणिताचे, १५ अॅप्टिट्यूडचे, बाकी ७२ विषयाचे. आणखी एक सांगते. आम्हाला आता मशीन डिझाइनमध्ये बेअरिंग निवडायची गणितं आहेत. मला ती येतात. पण खरं बेअरिंग मी अजून एकदाही हातात घेतलेलं नाही.

शिरोली_नाका:
ताई, माझं छोटं मशीन शॉप आहे. दरवर्षी दोन-तीन पोरं ठेवतो. गेल्या वर्षी एकानं ड्रॉइंग आणलं: शाफ्ट २५ मिलिमीटर, भोक २५. विचारलं, बसवायचं कसं? गप्प. अरे, सरकतं हवं असेल तर भोकाला एच७, शाफ्टला जी६, या मापातली सूट सांगणाऱ्या खुणा. म्हणजे भोक २५.००० ते २५.०२१ आणि शाफ्ट २४.९८० ते २४.९९३. कमीत कमी सात मायक्रॉन (मिलिमीटरचे सात हजारांश) फट राहिलीच पाहिजे. पोरगं हुशार होतं, फक्त हे कुणी हाताला दाखवलं नव्हतं. मेट्रॉलॉजी, म्हणजे मोजमापाचा विषय, पाचव्या सत्रात शिकवता ना? दुसऱ्यात आणा. ०.०२ चे व्हर्निअर, ०.०१ चे मायक्रोमीटर, भोक मोजायचे एक-दोन बोअर गेज. चांगल्या कंपनीचे घेतले तरी दीड लाखात बसतं.

चाकण_फेज_२:
मी आधीच म्हटलं, ईव्ही. मायक्रॉन शिकून कुठं नोकरी लागते?

शिरोली_नाका:
ईव्हीच्या मोटरपुढं बहुतेक वेळा फेरे कमी करणारा रिडक्शन गिअर असतो. त्याची बेअरिंगं काय डिंकानं चिकटवता?

खडूधारी:
मीही शिकवतो. काहीही ठेवा, पण चार तास गुणिले तीन बॅच, बारा तास कुणाच्या गळ्यात? आमच्याकडे प्रॅक्टिकल कागदावर चार तासांचं आणि घेतलं जायचं दीड तास, कारण माणसंच नव्हती. तीन लेक्चर ठेवा आणि सुटा.

वारणाकाठ:
सगळ्यांचं दोनदा वाचलं. ईव्ही, गणित, फिटिंग, मेट्रॉलॉजी यातलं काहीच ठेवत नाहीये. त्या मुलीचं बेअरिंगचं वाक्य मात्र डोक्यातून गेलं नाही. म्हणून यंत्र खोलून परत जोडण्याचा विषय लिहिलाय. एक तास लेक्चर, चार तास प्रॅक्टिकल. बॅचमध्ये चार-चारचे पाच गट, यंत्रं पाच: सेंट्रिफ्युगल पंप, स्कूटरचं इंजिन, शिलाई मशीन, लेथचा टेलस्टॉक, छोटा गिअरबॉक्स. प्रत्येकाला तीन आठवडे, पंधरा आठवड्यांत पाचही यंत्रं प्रत्येक गटाच्या हाताखालून जातील. पहिल्या आठवड्यात खोलून भागांची यादी, दुसऱ्यात मोजमाप, तिसऱ्यात हातानं स्केच आणि परत जोडणी. पंपाला गुण तेव्हाच, जेव्हा जोडल्यावर तो पाणी फेकेल. बारा तास मी आणि आमचे वर्कशॉपचे मामा वाटून घेतोय, मी त्यांच्याशी बोललेय.
काल भंगारवाल्याकडे दोन पंप बघितले. एकाचा इम्पेलर (पाणी फेकणारं आतलं चाक) गंजून केसिंगला धरलाय. तोच घेतला.

चाकण_फेज_२:
एक तरी ईव्हीची हब मोटर (चाकातच बसणारी) घ्या.

शिरोली_नाका:
मेट्रॉलॉजी दुसऱ्या सत्रात आणली असती तर बरं झालं असतं, माझं मत तेच. पण करताच आहात तर बेअरिंग ओढून काढायचा पूलर घ्या, पोरांना हातोडीनं बेअरिंग काढू देऊ नका. खोलायच्या आधी केसिंग आणि कव्हर दोन्हीवर पंचनं एकेक ठिपका मारून घ्या, नाहीतर जोडताना भोकं जुळत बसाल. इम्पेलरचा नट काही पंपांना उलट्या आट्याचा असतो. सुटत नाही म्हणून जोर लावला की आटाच जातो. गंजलेल्यावर आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवा.

वारणाकाठ:
डिझेल आजच रात्री सोडते. पूलर यादीत लिहिला.