प्युरिफाय केल्यावर फिडेलिटी वाढायची सोडून घटतेय, असं का?

फोटॉनवेडा: एन्टँगलमेंट प्युरिफिकेशनचं, म्हणजे बिघडलेल्या बऱ्याच गुंतलेल्या क्यूबिट-जोड्यांतून (क्यूबिट म्हणजे क्वांटम बिट) थोड्या चांगल्या जोड्या काढायचं, सिम्युलेशन करतोय. दोन नॉइझी जोड्या, प्रत्येकीची फिडेलिटी (आदर्श जोडीशी किती जुळते ते, 1 म्हणजे परफेक्ट) 0.75. अ‍ॅलिस आणि बॉब (प्रत्येक जोडीचा एकेक क्यूबिट ज्यांच्याकडे आहे ते दोघं) आपापल्या बाजूला सीनॉट (एक क्यूबिट 1 असला तर दुसरा उलटवणारं गेट) मारतात, दुसरी जोडी मोजतात, उत्तरं जुळली तर पहिली ठेवायची नाहीतर फेकायची. बेनेट वगैरेंच्या 1996 च्या प्रोटोकॉलप्रमाणे 0.79 च्या आसपास यायला हवं, माझं चक्क 0.625 येतंय आणि गंमत म्हणजे उत्तरं दरवेळी जुळतातच, एकही जोडी फेकली जात नाही. कोडमध्ये काही सापडत नाहीये. नॉइझ म्हणून फक्त डिफेझिंग (फेज बिघडवणारा नॉइझ) घातलंय.

बेलस्टेट: शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे की. 0.79 हा आकडा वर्नर स्टेटचा, तिथे तिन्ही प्रकारच्या चुका (बिटची, फेजची, दोन्हीची एकत्र) सारख्या प्रमाणात असतात. तुमच्याकडे नुसत्या फेजच्या, आणि हे मोजमाप बिट फ्लिपच (0 चं 1 किंवा उलट होणं) पकडतं. वरून सीनॉट दुसऱ्या जोडीची फेजची चूक पहिलीच्या गळ्यात मारतो, मग दोन्ही बरोबर किंवा दोन्ही बिघडलेल्या असल्या तरच पहिली नीट राहते, म्हणजे 0.75 चा वर्ग अधिक 0.25 चा वर्ग, झाले 0.625. कोड ठीक आहे तुमचा. सीनॉटच्या आधी दोघांनी सगळ्या क्यूबिट्सवर हॅडामार्ड गेट लावून बघा, त्याने फेजची चूक बिटची होते.

फोटॉनवेडा: भारी! 0.90 आलं. पण आता 37.5% वेळा फेकावं लागतंय, ते टाळता नाही का येणार, अ‍ॅम्प्लिफायरसारखं काहीतरी?

ढगातला_क्यूबिट: नाही हो, अनोळखी स्टेटची कॉपीच होत नाही तर अ‍ॅम्प्लिफाय काय करणार. आणि दोघांनी आपापल्या जागी काहीही केलं, कितीही फोनाफोनी केली तरी एन्टँगलमेंट सरासरीने वाढत नाही, त्यामुळे थोड्या चांगल्या जोड्यांसाठी बऱ्याच जोड्या घालवाव्याच लागतात. खरी बोंब पुढे आहे, 100 किमी फायबरमधून शंभरातला जेमतेम एक फोटॉन पोचतो, आणि जुळलं की नाही हे कळायलाच अर्धा मिलिसेकंद जातो, तोवर जोडी मेमरीत टिकली पाहिजे. सिम्युलेशनमध्ये गेट परफेक्ट धरलेत ना? त्यात एरर घाला, फिडेलिटी एका पातळीला अडकते, मग कितीही राउंड करा.

बेलस्टेट: एक राहिलं, दुसऱ्या राउंडला हॅडामार्ड परत लावू नका. उरलेल्या चुका आता बिटच्या आहेत, सरळ सीनॉट केलंत तर 0.988 मिळेल. मेमरीत पुन्हा डिफेझिंग घातलंत तर मात्र दोन्ही जातीच्या चुका होतील, तेव्हा राउंड आलटूनपालटून करा.