काचबिंदू : रक्तवाहिन्या वरच्या भागात विरळ, मग खालचे का दिसत नाही?

प्रश्न (खानापूर)
माझे वडील 68 वर्षांचे असून दोन वर्षांपासून काचबिंदूचे थेंब घालतात आणि डोळ्यांचा दाब 14 च्या आसपास असतो. गेल्या आठवड्यात बेळगावात त्यांची ओसीटी अँजिओग्राफी (डोळ्याच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्यांचे चित्र काढणारी तपासणी) केली, तेव्हा दोन्ही डोळ्यांत दृष्टीच्या नसेच्या वरच्या कडेला रक्तवाहिन्या विरळ झाल्याचे अहवालात आले. भिंतीवरचा तक्ता ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. मात्र ओट्यावरून उतरताना शेवटची पायरी हमखास चुकते. याचा मेळ कसा लावावा?

उत्तर (निपाणी)
मी नेत्रतपासणीच्या यंत्रांवर काम करतो. डोळ्यातल्या पडद्यावर प्रतिमा उलटी पडते. त्यामुळे वरचा भाग दुबळा झाला की नजरेचा खालचा भाग जातो. तक्त्याने फक्त मधली नजर कळते, आणि काचबिंदूत ती बहुधा शेवटपर्यंत टिकते. या तपासणीत रंगद्रव्याचे इंजेक्शन नसते: यंत्र एकाच जागेची चित्रे लागोपाठ घेते, आणि दोन चित्रांत जे बदलले ते वाहते रक्त, असे धरून जाळे रेखाटते. पायरीचा प्रकार डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि फील्ड टेस्ट (नजर चहूबाजूंना कुठवर पोचते याची तपासणी) झाली नसेल तर करून घ्या.

उत्तर (चिकोडी)
चित्रावर फार विसंबू नये, असे माझे मत आहे. माझ्या आईला मोतीबिंदूही होता, त्यामुळे चित्र अंधुक आले आणि नसलेली विरळता दिसली. शिवाय रक्त कमी पडल्याने नसेचे तंतू मरतात, की तंतू मेल्यावर रक्ताची गरज घटते, हा वाद अजून मिटलेला नाही.

उत्तर (निपाणी)
मान्य; चित्राची प्रत आधी पाहावीच. तरी आजार पुढे गेल्यावर तंतूंच्या थराची जाडी साधारण 50 मायक्रॉनपाशी थबकते, कारण उरलेल्या आधारपेशी व वाहिन्या झिजत नाहीत, आणि मग जाडीवरून पुढची घसरण कळेनाशी होते. तिथे वाहिन्यांची घनता अजून उतरताना दिसू शकते. दाबाचेही तसेच : 21 या नेहमीच्या मर्यादेच्या आत असूनही नस झिजणारे रुग्ण असतात, म्हणून 14 हा आकडा तुमच्या वडिलांना पुरेसा आहे का, हे फील्डच्या जुन्या-नव्या अहवालांवरूनच ठरेल.

प्रश्नकर्ता
फील्ड टेस्ट सोमवारी ठरली आहे. दोन वर्षांपूर्वीचा कागदही सापडला, तो बरोबर नेतो. तोवर शेवटच्या पायरीच्या कडेला चुन्याचा जाड पट्टा ओढला आहे.