शेंगदाण्याचा माळकरी

प्रेषक: औशाची सून
१२ नोव्हेंबर २०२४

मंडळी, नमस्कार.

यंदा येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, ३० डिसेंबरला, सोमवारी आली आहे आणि पोरांना शाळेची सुट्टी. सहा वर्षांनी योग जुळलाय. आम्ही चौघं परदेशातून लातूर जिल्ह्यात औशाजवळ सासरी, शेतात जेवायला जाणार.

प्रश्न धाकट्याचा आहे. सात वर्षांचा, वजन २२ किलो, शेंगदाण्याची ॲलर्जी. दीड वर्षाचा असताना पीनट बटरचं बोट चाटलं आणि ओठ असे सुजले की हॉस्पिटल गाठावं लागलं. तेव्हापासून आमच्या घरात दाणा नाही.

येळवसचा स्वयंपाक ज्यांनी खाल्लाय त्यांना वेगळं सांगायला नको. भज्जीत तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे दाणे आणि वरून मूठमूठ शेंगदाणे. शेंगाच्या पोळ्या. सकाळी मुरमुऱ्यांचा सुशीला, त्यातही दाणे. कूट नसलेली भाजी सासूबाईंच्या लेखी भाजीच नाही. फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "आगं थोड्याशानं काय होतंय? कूट नाही घालत, आख्खे दाणे घालते. काढून खाईल की."

नातवासाठी जीव टाकतात हो, वाकड्यात शिरणाऱ्या नाहीत. पण हे त्यांच्या गळी कसं उतरवू? अशा लेकराला घेऊन गावाकडं कुणी गेलंय का?


प्रेषक: परभणीकर
१२ नोव्हेंबर २०२४

वहिनी, राग मानू नका, पण आम्ही अख्खं बालपण शेंगा फोडत काढलं. वर्गात चाळीस पोरं, एकालाही हे ॲलर्जीचं नाव माहीत नव्हतं. इथलं पाणीच वेगळं.

बाकी तेलाचं म्हणाल तर आपल्याकडं मूळ तेल करडईचं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं करडईचे वाण काढले, 'परभणी कुसुम' त्यातलाच. आता रानात करडई दिसत नाही, जिकडं बघावं तिकडं सोयाबीन. तेव्हा करडईच्या तेलात स्वयंपाक करायला सांगा, निम्मी चिंता मिटली.


प्रेषक: अंबाजोगाईची डॉक्टर
१३ नोव्हेंबर २०२४

परभणीकर काका, वर्गातल्या चाळिसात कुणाला नव्हतं की कुणाला कळलं नव्हतं, हे आता कुणी सांगावं? पण तुमचं अगदीच खोटं नाही. २०१५ साली लंडनमधला एक मोठा अभ्यास छापून आला. अंगावर जास्त इसब असलेली किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं होती, वय ४ ते ११ महिने. निम्म्यांना शेंगदाणा नेमानं खाऊ घातला, निम्म्यांना पूर्ण टाळला. पाचव्या वर्षी टाळलेल्यांत १७ टक्क्यांना ॲलर्जी, खाल्लेल्यांत ३ टक्क्यांना. म्हणजे लवकर खाण्याचा फायदा असतो, पण तो ॲलर्जी होण्याआधी. झाल्यावर "सवय लागेल" म्हणून थोडं थोडं चारणं म्हणजे आगीशी खेळ. कृपा करून वहिनींना तसं कुणी सुचवू नका.

आणि करडईचं तेल घाण्यावरचं असेल, तर त्या घाण्यावर आधी काय गाळलं ते विचारायचं. रिफाइंड तेलात प्रथिनं जवळपास राहत नाहीत, कच्च्या घाणीच्या तेलात राहतात. ॲलर्जी प्रथिनांची असते.

वहिनी, तुमच्यासाठी. आपल्याकडं अंगावर गांधी आल्या की "पित्त उठलं" म्हणतात. गेरू लावतात, आमसुलाचं पाणी लावतात. नुसत्या गांधी असतील तर गेरूनं काही बिघडत नाही. बिघडतं ते वेळ जाण्यानं. खाल्ल्यावर गांधींबरोबर उलट्या सुरू झाल्या, किंवा श्वासाला घरघर लागली, आवाज बसला, पोरगं एकदम मलूल झालं, तर ते पित्त नव्हे. ॲड्रेनॅलिनचं पेन, म्हणजे औषध भरलेली तयार सुई, लगेच मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरून चालतं. १५ ते ३० किलोला ०.१५ मिलिग्रॅमचं. ॲलर्जीची गोळी-सिरप हे पेनाच्या जागी नाही. आडवं झोपवायचं, पाय वर. उलट्या होत असतील तर कुशीवर. श्वास लागत असेल तर बसू द्यायचं. उठवून चालवायचं नाही. ५ ते १५ मिनिटांत उतार नाही पडला तर दुसरं पेन. बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच, कारण काही तासांनी पुन्हा उसळी येऊ शकते.

पेनं दोन न्या, हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या पत्रासह. तिथं दुकानात सहज मिळतील या भरवशावर राहू नका. ॲड्रेनॅलिन औषध म्हणून आपल्या दवाखान्यांत असतं, पण ॲम्प्यूलमध्ये, आणि ते सुईत भरून देणारा माणूस लागतो. १०८ चा नंबर सगळ्यांच्या फोनात घाला. पोचल्या दिवशीच जवळचा दवाखाना बघून ठेवा.


प्रेषक: नांदेडची काकू
१५ नोव्हेंबर २०२४

औशाच्या सूनबाई,

माझं दुखणं वेगळं. मला सीलिएक, म्हणजे गहू बंद. ही ॲलर्जी नव्हे, गव्हातल्या ग्लूटेननं माझंच शरीर माझ्या आतड्यावर उठतं. पेनबिन काही नाही, पण चिमूटभरानं आतडं बिघडतं. नांदेडला दर दोन वर्षांनी जाते, तेव्हा अनुभव सांगते.

सगळ्यांना वाटतं, मराठवाड्यात ज्वारी, मग हिची चैन. ज्वारीत ग्लूटेन नाही हे खरं. पण गिरणी? माझ्या आधी कुणी गहू दळून गेलं असेल तर माझ्या भाकरीत गहू आलाच. पहिल्या दोन खेपांना मला कळेचना की भाकरी खाऊन पोट का बिघडतंय. आता बहिणीनं घरघंटी घेतली, तीत गहू पडू देत नाही. दुसरा चोर हिंग. डबीतल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, मागं बारीक अक्षरात लिहिलेलं. तिसरी माझी लाडकी येसराची आमटी. येसरात बाजरी, डाळी, तांदूळ भाजून दळतात आणि त्यातच मूठभर गहू. आता माझं येसर वेगळं होतं.

पण तुमचा खरा प्रश्न "कसं सांगू" हा आहे. "ॲलर्जी" म्हटलं की गावाकडं लोकांना नखरा वाटतो. परदेशी जाऊन आलेली, हिला आता आपलं अन्न बाधतंय. मी बरीच वर्षं इंग्रजी शब्दांत समजावलं आणि वाया गेलं.

आमचे थोरले चुलते माळकरी. घरात मटण व्हायचं तर चूल अंगणात, भांडी वेगळी, तिकडची पळी इकडं येत नसे. एकदा कुणा पाहुण्याच्या ताटातला चमचा चुकून त्यांच्या वरणात पडला, तर काकूंनी आख्खं वरण गुरांच्या आंबोणात ओतलं. कुणी हू की चू केलं नाही. मला सांगा, माळकऱ्याला कुणी म्हणतं का, "थोड्याशानं काय होतंय, रस्सा खा, बोट्या बाजूला काढा"?

मी बहिणीला एवढंच म्हणाले, "मी गव्हाची माळ घातलीय असं समज." त्या दिवसापासून पळ्या वेगळ्या झाल्या. तुमच्या सासूबाईंना सांगा, नातू शेंगदाण्याचा माळकरी आहे.

फक्त चुकूनही "उपासासारखं वेगळं करा" म्हणू नका. आपल्याकडं उपास म्हणजे भगर आणि शेंगदाण्याची आमटी.


प्रेषक: मंडळ सचिव
१५ नोव्हेंबर २०२४

विषय निघालाच आहे तर संक्रांतीच्या कार्यक्रमाला आणलेल्या प्रत्येक पदार्थापुढं चिठ्ठी ठेवावी: दाणे, तीळ, दूध, गहू, काजू-बदाम. तीळ विसरू नका. अमेरिकेत २०२३ पासून पाकिटांवर तीळ लिहिणं सक्तीचं आहे. भारतातल्या पाकिटांवरच्या यादीत तीळ येत नाही, म्हणून गावाकडून आलेल्या लाडवांच्या पाकिटावर विसंबू नये. दिवाळीला "सगळ्यात थोडं थोडं सगळं आहे" अशी एक चिठ्ठी आली होती. तसली नको.


प्रेषक: औशाची सून
११ जानेवारी २०२५

मंडळी, परवा परतलो. काकू, तुमचा माळकरी लागू पडला, आणि डॉक्टरताई, तुमचं पत्रही कामी आलं. दोन्ही सांगते.

पहिल्याच संध्याकाळी सासूबाईंना माळकऱ्याचं म्हटलं. दोन मिनिटं गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मग भांडं बी वेगळं लागंल की." दुसऱ्या दिवशी माळ्यावरून त्यांच्या रुखवताचं पितळी पातेलं खाली आलं, चिंचेनं घासलं गेलं. पळी नवी. बिनसुईचं सरावाचं पेन मी नेलं होतं, ते त्यांनी उशीवर चार वेळा मारून बघितलं. "केशरी टोक मांडीला," हे वाक्य घरात सगळ्यांना पाठ झालं, गड्यासकट.

येळवसला पहाटे चारला चुली पेटल्या. भज्जी दोन, एक मोठी गावजेवणाची, एक पितळी पातेल्यात. डोक्यावर टोपल्या, आंबिलीचं मडकं, कडब्याची खोप, चुन्यानं रंगवलेले पाच पांडवांचे दगड, आंबील शिंपडत शेताला फेरी. पोरगं हरखून गेलं होतं. जेवायला बसलो. चौथ्या-पाचव्या घासाला म्हणाला, "आई, जीभ टोचतेय."

दहा मिनिटांत मानेवर गांधी. जाऊबाई उठल्या, "पित्त उठलंय, गेरू आणते." तेवढ्यात त्याला उलटी झाली, लगेच दुसरी. मी पिशवीत हात घातला तर हात थरथरायला लागला. सासूबाई जाऊबाईंवर ओरडल्या, "गेरू नगं! सुई काढा आधी!" आणि त्याचा पाय दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला. मी पेन लावलं. गाडीत मागच्या सीटवर कुशीवर झोपवून लातूर गाठलं. दुसरं पेन लागलं नाही. रात्रभर ठेवून घेतलं, सकाळी पोरगं नर्सकडं भाकरी मागत होतं.

पातेलं वेगळं, पळी नवी, तेल करडईचं, घाण्यावर चौकशी करून आणलेलं. चुकलं कुठं? लसूण-मिरची. ती ठेचली त्याच दगडी खलबत्त्यात ज्यात आदल्या रात्री पोळ्यांचे दाणे कुटले होते. सासूबाईंनी तो पदरानं पुसला होता. त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर त्या एकच वाक्य म्हणत राहिल्या, "मी पुसला व्हता गं." मला काय बोलावं सुचेना. खरं तर त्या स्वयंपाकघरात खलबत्ता मी आठ दिवस रोज बघत होते, माझ्याही डोक्यात आलं नाही.

पुढच्या आठवडी बाजारातून त्यांनी नवा खलबत्ता आणला. तो देवघराखालच्या फळीवर, फडक्यात बांधून. शेजारची बाई मागायला आली तर तिला म्हणाल्या, "त्यो माळकऱ्याचा हाय, दुसरा घिऊन जा."

निघताना त्याच धर्तीचा आणखी एक बांधून दिला, इथल्यासाठी. माझ्या घरात दाणा नाही हे सांगितलं, ऐकलं नाही. साडेचार किलो भरला. त्यापायी काळं तिखट तिथंच राहिलं, तेव्हा फेब्रुवारीत लातूरहून कुणी येणार असेल तर कळवा.