एम्ब्रियो अन् फीटस, दोघांलेही भ्रूणच म्हणाचं का?

पांदणवाट: उपकेंद्रासाठी गरोदर बायांचा तक्ता मराठीत करून रायलो. पुस्तकात फलन झाल्यापासून आठ आठवडे एम्ब्रियो, तिथून जन्मापर्यंत फीटस. डिक्शनरीत दोन्हीकडे भ्रूणच सापडते. मी पयल्याले भ्रूण अन् दुसऱ्याले गर्भ लिहिलं, तर सिस्टर म्हणते भ्रूण खोडा, बाया दचकतात.

काळीमाती: सिस्टरचं बरोबर हाय बाप्पा. खेड्यात हा शब्द आलाच स्त्रीभ्रूणहत्येच्या पाट्यांवरून. अन् गंमत पाहा, सोनोग्राफीत लिंग दिसते तोवर तुमचे आठ आठवडे कधीच उलटलेले असतात, म्हणजे तुमच्या हिशोबानं तो भ्रूण नाहीच! दवाखान्याच्या पाटीवर मात्र 'गर्भलिंग' निदान करत नाही असं असते.

शब्दवेल्हाळ: आपल्याकडे शब्द तयार असताना पाट्या कशाला बघायच्या? गर्भोपनिषदात एका रात्रीचं कलल, सात रात्रींचं बुद्बुद, पंधरवड्याचा पिंड अशा पायऱ्याच दिल्या आहेत.

काळीमाती: कलल म्हटलं तर माही आजी विचारन, कोनी कल्ला केला?

धुऱ्यावरचा: शब्द कोनताही लिहा, पन आठवडे कुठून मोजता ते आधी लिहा. आमच्या नात्यात लग्नाले सात आठवडे झालेले अन् रिपोर्टात नऊ, सासूनं घर डोक्यावर घेतलं. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पयल्या दिवसापासून धरतात, म्हणजे दोनेक आठवडे पोटात काहीच नसते तरी मोजनी सुरू. ४० आठवडे म्हणजे २८० दिवस ते तिथूनच, फलनापासून धरले तर २६६च भरतात. आपले नऊ महिने नऊ दिवस म्हणजे ते २८०च्याच जवळपास ना.

शब्दवेल्हाळ: विषय निघालाच आहे तर, डोहाळे हा शब्द दौहृदवरून. सुश्रुत म्हणतो चौथ्या महिन्यात बाळाचं हृदय व्यक्त होतं, बाई दोन हृदयांची होते.

धुऱ्यावरचा: ठोके तर सोनोग्राफीत सहाव्या-सातव्या आठवड्यातच दिसतात, चौथा महिना कायले पायजे.

शब्दवेल्हाळ: व्युत्पत्ती सांगतोय, सोनोग्राफी नाही.

गोठेकर: एवढं कायले, सरळ गाभ लिहा ना, गर्भाचाच तर गाभ झाला.

काळीमाती: गाभ गाईले राहते, बाईले दिवस जातात! तक्त्यावर गाभ दिसला तर बाया उपकेंद्राची पायरी चढनार नाहीत. बाळामागून पडते त्या वारेचंही तसंच, बाईची वार अन् म्हशीचा जार.

गोठेकर: आमच्याकडे म्हशीचीबी वारच पडते. अन् जार आला जरायूवरून, म्हणजे आधी मानसाचाच असन.

शब्दवेल्हाळ: जरायू म्हणजे मुळात गर्भावरचं वेष्टन.

गोठेकर: मंग वार कोठून आली ते सांगा.