मदत हवी आहे: अमेरिकेतल्या 'बफेलो'ला मराठीत काय म्हणू?

जॉन विल्यम्स यांच्या 'बुचर्स क्रॉसिंग' (1960) या कादंबरीची दोन प्रकरणं आमच्या वाचनगटासाठी मराठीत करतोय. छापायचं नाही, फक्त मोठ्याने वाचायचं आहे. काळ 1870च्या दशकाचा. हार्वर्ड सोडून आलेला तरुण कॅन्ससमधून कोलोरॅडोच्या डोंगरात शिकारीला जातो, आणि म्होरक्या मिलर शेवटचं जनावर पडेपर्यंत थांबायला तयार नाही.

अडलंय ते जनावराच्या नावावर. 'म्हैस' लिहिलं की गोठा आणि दुधाची बादलीच दिसते, सगळा थरार खलास! 'गवा' भारदस्त आहे, पण तो राधानगरीचा, प्राणी वेगळा. 'रानरेडा'ही वेगळाच. 'बायसन' शास्त्राला धरून, पण आपल्याकडे गव्यालाच इंडियन बायसन म्हणायची सवय, त्यामुळे पुन्हा घोळ. शिवाय हे शिकारी आपसात 'बफेलो'च म्हणतात, त्यांच्या तोंडी 'बायसन' फार पुस्तकी वाटतो.

तळटीप सुचवू नका, ऐकणाऱ्याला ती दिसत नाही. शब्द पानोपानी येतो, म्हणून लांबलचकही नको. 'प्रेअरी' मात्र तसाच ठेवलाय, शाळेच्या भूगोलामुळे तो सगळ्यांना ठाऊक असतो.

दुसरी अडचण 'स्टँड'ची. कळपाची पुढारी गाय आधी टिपायची, मग बाकीची बावचळून जागीच उभी राहतात आणि शिकारी एकेक पाडत जातो. 'खोळंबा' करून पाहिलं, पण त्याने लोकल अडकल्यासारखं वाटतं. गुरं राखणाऱ्यांच्या किंवा शिकाऱ्यांच्या बोलीत असं बिथरून थिजलेल्या कळपाला काही शब्द आहे का? आणि 'बफेलो' तसाच ठेवला तर तुमच्या कानाला खटकेल का?